एवढासा 'ना'

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय ते एकाच अक्षराच्या शब्दाबद्दल. 'ना'.

शनिपाराशी दोघी मैत्रिणी भेटतात. एक म्हणते, "मी ना, काल तुझ्याकडेच येणार होते." दुसरी म्हणते, "मग यायचंस ना!" पहिल्या 'ना'त जवळीक, दुसऱ्यात लटका राग, नकार कुठेच नाही. "येशील ना?" यात आर्जव, "सांगितलं ना एकदा!" यात दटावणी. पण हाच 'ना' क्रियापदाला चिकटला की पाहा. "पाऊस थांबेल ना?" ही आशा. मधला 'ल' गळला, की "पाऊस थांबेना"!

संस्कृतात 'न' म्हणजे नाही, हे आपण शाळेत शिकतो. ऋग्वेदात मात्र त्याचा आणखी एक अर्थ आहे: 'सारखा'. विष्णूला 'मृगो न भीमः' म्हटलंय, म्हणजे भयंकर पशूसारखा. तिथे 'पशू नव्हे' असा अर्थ घेतला तर ऋचाच हातची गेली. मग ओळखायचं कसं? यास्काचार्यांनी निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या त्यांच्या प्राचीन ग्रंथात, खूण सांगून ठेवलीय. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी 'न' आला तर नकार. ज्याची उपमा द्यायची त्याच्यानंतर आला तर उपमा. अर्थ ठरतो तो जागेवरून! मला ही खूण फार मोलाची वाटते. कारण 'थांबेना'सारखी रूपं बाजूला ठेवली, तर मराठीतही असंच दिसतं. 'ना खंत ना खेद' यात 'ना' आधी येऊन नाकारतो. वाक्याच्या शेवटी आला की ऐकणाऱ्याला आपल्याकडे ओढून घेतो.

इतर भाषांतही हे घडलंय. पोर्तुगीजमध्ये 'नाही का?' अशा अर्थाचे दोन शब्द आक्रसून 'ने' झाला. जर्मनही बोलताना वाक्याशेवटी 'ने?' म्हणून होकार मागतात. तोही नकारातूनच आलेला. जपानी 'ने' हेच काम करतो, पण त्याचा नकाराशी संबंध नाही. आणि ग्रीक व कोरियन भाषांत 'ने' म्हणजे चक्क 'हो'!

पुण्यात परप्रांतातून, परदेशातून कितीतरी मुलं शिकायला येतात. त्यांना 'ना म्हणजे नाही' एवढंच सांगून थांबू नका. घरी आली की "बसा" आणि "बसा ना" दोन्ही म्हणून दाखवा. पहिल्यात नुसती सूचना आहे, दुसऱ्यात आग्रह. आणि पुढे चहा येणार आहे, हेही त्यातच आलं.