नको असलेला वारसा

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन रोममध्ये वारस झालात की गेलेल्या माणसाच्या जागी तुम्ही उभे राहिलात. त्याचं घर तुमचं, शेत तुमचं आणि देणंही तुमचं. देणं किती? सगळं. मागे राहिलं दहा हजारांचं शेत आणि कर्ज निघालं चाळीस हजारांचं, तर वरचे तीस हजार वारसानं पदरचे भरायचे. म्हणून वाटा किती मिळणार हे विचारण्याआधी रोमन माणूस विचारी, मला ‘नको’ म्हणता येईल का?

हे आपल्यालाही परकं नाही. मुंबई इलाख्यात बापाकडून कवडी न मिळालेल्या मुलालाही बापाचं कर्ज फेडावं लागे. १८६६ साली ‘हिंदू हेअर्स रिलीफ ॲक्ट’ आला आणि ते थांबलं. शाळेत आपण लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतो. असे कायदे मात्र शिकवत नाही. ते शिकवायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. असो.

रोममध्ये वारस तीन तऱ्हेचे. पहिला, मालकानं मृत्युपत्रात मुक्त करून वारस नेमलेला गुलाम. त्याला नकार नाही. दुसरी, बापाच्या सत्तेखालची मुलं. जुन्या कायद्यात त्यांनाही नकार नव्हता. पुढे प्रेटर, म्हणजे रोमचा न्यायाधिकारी, त्यांना अलिप्त राहू देऊ लागला. अट एकच, मालमत्तेला हात लावायचा नाही. तिसरे बाहेरचे, म्हणजे मित्र, भाऊ, सत्तेतून मोकळा केलेला मुलगा. त्यांना हो किंवा नाही, दोन्ही मोकळं. पुन्हा सांगतो: गुलामाला नकार नाही, मुलांना अलिप्तता, बाहेरच्याला पूर्ण निवड.

फसायचं कुठे? हात लावण्यात. वारस म्हणून शेत खंडानं दिलं, एखादी वस्तू विकली, की होकार झाला. तोंडानं काही बोलायची गरज नाही. मग बापाला अग्नी कोणी द्यायचा? गोठ्यातल्या जनावरांना वैरण कोणी घालायची? मुलं साक्षीदारांसमोर आधीच सांगून ठेवत: हे मी पुत्रधर्म म्हणून करतो आहे, वारस म्हणून नाही. एकदा होकार गेला की परतीची वाट नसे. पंचविशीच्या आतल्याला प्रेटर सोडवी. मोठ्या माणसाला, दडलेलं मोठं कर्ज मागाहून निघालं म्हणून, सम्राट हेड्रियननं एकदा माफी दिली होती.

बाहेरच्या वारसाला मृत्युपत्रातच मुदत घालून देत, बहुधा शंभर दिवसांची. मोजणी कधीपासून? आपण वारस आहोत हे कळलं आणि स्वीकार करणं शक्य झालं, त्या दिवसापासून. त्या मुदतीत ठरलेले शब्द तोंडानं म्हणायचे, शेवटी ‘आदेओ केर्नोक्वे’, म्हणजे स्वीकारतो आणि तसं ठरवतो. न म्हटले तर वारसा गेला. गंमत पाहा, शंभर दिवसांत आधी ‘नको’ म्हटलं आणि मग मन बदललं, तरी मुदत संपेपर्यंत ते शब्द म्हणून वारस होता येई. मुदत नसलेल्या वारसाचा नकार मात्र तिथल्या तिथे पक्का.

हे शंभर दिवस इतक्या बारकाईनं आपल्याला कळले कसे? ती हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गायस नावाच्या कायदेपंडितानं विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. ५३३ साली सम्राट जस्टिनियननं त्याच्या आधारे स्वतःचं पाठ्यपुस्तक काढलं, आणि गायसच्या प्रती करायचं कोणाला कारण उरलं नाही. चर्मपत्र महाग. इटलीत कोणीतरी गायसची पानं धुऊन खरवडली आणि त्यांवर संत जेरोमची पत्रं लिहिली. काही पानांवर तर एकावर एक तीन थर चढले.

१८१६ साली नीबूर हा इतिहासकार प्रशियाचा दूत म्हणून रोमला चालला होता. वाटेत तो व्हेरोना शहरात थांबला आणि तिथल्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात गेला. जेरोमच्या पत्रांखाली त्याला फिकट अक्षरं दिसली. त्यानं एका पानावर मायफळाचा काढा लावला. हो, आपल्या बाळगुटीतलं मायफळ. जुन्या शाईतलं लोह चामड्यात मुरलेलं असतं. मायफळातलं टॅनिन त्याला भेटलं की अक्षर पुन्हा काळं होतं. नीबूरनं ते पान उतरवून बर्लिनला साविन्यी या कायद्याच्या प्राध्यापकाला कळवलं. साविन्यीनं ओळखलं, हा गायस! पुढच्याच वर्षी बर्लिनच्या अकादमीनं ग्योशेन आणि बेकर यांना व्हेरोनाला धाडलं, आणि १८२० साली पुस्तक छापून निघालं. मागाहून आलेल्यांनी जास्त जालीम रसायनं लावली, त्यात काही पानं कायमची करपली. वाचण्याच्या घाईनं जुन्या कागदांचं जितकं नुकसान केलं तितकं वाळवीनंही केलं नसेल, असं मला वाटतं.

त्या पानांत गुलामाबद्दल एक ओळ सापडली. बुडालेला मालक मुद्दाम गुलामाला वारस करी, म्हणजे लिलाव गुलामाच्या नावानं होई आणि दिवाळखोरीचा कलंकही त्यालाच लागे. त्याबद्दल सबिनुस नावाच्या पंडिताचं म्हणणं गायस नोंदवतो: या माणसाला कलंक लागू नये, कारण लिलाव त्याच्या दोषानं नाही, कायद्याच्या सक्तीनं होतो आहे. आणि लगेच गायस लिहितो: पण चालतं ते वेगळं. जस्टिनियनच्या पुस्तकात गुलाम आहे, लिलाव आहे, सबिनुसचं म्हणणं नाही. मालकाच्या मृत्यूनंतर गुलामानं स्वतः कमावलेलं तेवढं त्याच्याकडे राही, ही सवलत दोघांतही आहे.

थोडा वेळ उरला आहे, तर जस्टिनियनची तोड सांगतो. ५३१ साली त्यानं यादीची सोय केली. वारसा कळल्यापासून तीस दिवसांत मालमत्तेची यादी सुरू करायची आणि पुढच्या साठ दिवसांत नोटरी व साक्षीदारांसमोर पुरी करायची. तीस आणि साठ, लक्षात ठेवा. यादी केली तर देणं मालमत्तेपुरतंच. यादी न करता विचाराला वेळ मागून मग होकार दिला, तर सगळं कर्ज पुन्हा डोक्यावर. यादीची ही कल्पना १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आली आणि तिच्याबरोबर गोव्यात. तिथे वारसांचं काम आजही ज्या २०१२ च्या कायद्यानं चालतं, त्याच्या नावातच ‘इन्व्हेंटरी’ हा शब्द आहे.

नमस्कार.