लॅम्डा १.०० : वाइडबँड मीटर बांधताना आणि वाचताना

[दृश्य : वर्कबेंचवर स्पार्क प्लग, शेजारी सहा तारांचा लॅम्डा सेन्सर]

हवा-पेट्रोलचं मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी), हे मेकॅनिक पूर्वापार प्लग काढून बघत आले. प्लगवर काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असला तर कमी, फिकट तपकिरी असला की काम झालं. पद्धत खोटी नाही, पण प्लगचा रंग सगळ्या धावेचा मिळून एक निकाल देतो. चौथ्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलला, साडेचार हजार आरपीएमवर दोन सेकंद काय झालं, ते तो वेगळं काढून सांगत नाही. आणि पिस्टनला भोक पडायला तेवढे दोन सेकंद पुरतात.

इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतोच. बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६मध्ये व्होल्वो २४० गाड्यांवर आला, तेव्हापासून ही जात रूढ आहे. पण तो नॅरोबँड. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि इंधन यांचं रासायनिक हिशेबाने बरोबर प्रमाण; १ च्या खाली रिच, वर लीन. या प्रमाणाच्या रिच बाजूला सेन्सर साधारण ०.९ व्होल्ट देतो, लीन बाजूला ०.१. मिश्रण कोणत्या बाजूला आहे ते कळतं, किती लांब आहे ते कळत नाही. ट्यूनिंगला नेमकं हे ‘किती’ लागतं, आणि ते वाइडबँड सेन्सर सांगतो.

[दृश्य : सेन्सरच्या आतल्या रचनेचं रेखाचित्र]

वाइडबँडमध्ये दोन पेशी असतात. पहिली नर्न्स्ट पेशी, नॅरोबँडसारखीच. दुसरी पंप पेशी. विद्युतप्रवाह दिला की ती झिर्कोनिया या सिरॅमिकच्या भिंतीतून ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलते. दोन्हींच्या मध्ये एक बारीक पोकळी असते आणि तिच्यात धूर झिरपत येतो. नर्न्स्ट पेशीवर कायम ४५० मिलिव्होल्ट राहतील, म्हणजेच पोकळीत लॅम्डा १ टिकेल, एवढा ऑक्सिजन पंप करत राहणं हे कंट्रोलरचं काम. धूर रिच असेल तर ऑक्सिजन आत घालावा लागतो, लीन असेल तर बाहेर काढावा लागतो. त्यासाठी लागलेला प्रवाह हेच आपलं माप.

सेन्सर घ्यायचा तो बॉश एलएसयू ४.९. जुना ४.२ अजून मिळतो, पण तो तुलनेसाठी बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो, आणि ती हवा तेलाच्या किंवा सिलिकॉनच्या वाफेने बाटली की आकडे सरकतात. ४.९ तुलनेचा ऑक्सिजन स्वतःच पंप करून तयार करतो.

त्याच्या सहा तारा अशा : लाल तार पंप प्रवाहाची. पिवळी सामायिक, तिला आभासी ग्राउंड म्हणतात. ती बॉडीला कधीही जोडायची नाही. काळी नर्न्स्ट पेशीची. हिरवी ट्रिम रेझिस्टरची. करडी हीटरचा प्लस, पांढरी हीटरचा मायनस. ट्रिम रेझिस्टर असतो सेन्सरच्या प्लगमध्ये. कारखान्यात प्रत्येक सेन्सर मोजून त्याचा त्याचा रेझिस्टर लेझरने कोरलेला असतो. त्यामुळे तार कमी पडली म्हणून प्लग कापून दुसरा लावला, तर त्या सेन्सरचं कॅलिब्रेशन प्लगबरोबर कचऱ्यात गेलं. वाढवायची तर प्लगच्या पुढची, कंट्रोलरच्या बाजूची वायरिंग वाढवा.

[दृश्य : सर्किट बोर्ड जवळून]

कंट्रोलरच्या मध्यभागी बॉशची सीजे १२५ ही चिप. पंपिंगचा सगळा ॲनालॉग व्यवहार ती सांभाळते. सोबत ५ व्होल्टवर चालणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, पंप प्रवाह मोजायला ६१.९ ओहमचा एक टक्का अचूकतेचा शंट रेझिस्टर आणि हीटर चालू-बंद करायला एन-चॅनल मॉसफेट. इथे लॉजिक-लेव्हल, म्हणजे ५ व्होल्टवर पूर्ण उघडणारा मॉसफेटच हवा. दुकानात आयआरएफझेड ४४ सहज हातात ठेवतात, पण ५ व्होल्टच्या गेटवर तो पूर्ण उघडत नाही. तापत राहतो आणि हीटर मात्र अर्धवट चालतो. आयआरएलझेड ४४ घ्या. गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर टाका, म्हणजे नॅनो रीसेट होत असताना हीटर बंद राहील. हीटरच्या लाइनला ५ अँपिअरचा फ्यूज, पुरवठ्यावर उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड आणि व्होल्टेजचे झटके गिळणारा टीव्हीएस डायोड. गाडीचे १२ व्होल्ट कधीच शांत १२ नसतात.

आता हीटर. बहुतेक सेन्सर इथेच मरतात, म्हणून जरा थांबून पाहू.

सेन्सरचं काम चालतं ७८० अंश सेल्सिअसला. थंड इंजिन सुरू केलं की एक्झॉस्ट पाइपमध्ये पाणी साचलेलं असतं. तापलेल्या सिरॅमिकवर एक थेंब उडाला तरी त्याला तडा जातो. म्हणून सुरुवातीला हीटरला जेमतेम २ व्होल्ट द्यायचे आणि पाइपमधलं पाणी उडून जाईपर्यंत तिथेच थांबायचं. नंतर ८.५ व्होल्टवर यायचं आणि सेकंदाला ०.४ व्होल्टने चढत जायचं. १३ व्होल्ट ही कमाल मर्यादा, तीही ३० सेकंदांपुरती. १२ व्होल्टच्या वर कायम चालवायचं नाही.

हे व्होल्ट आरएमएस आहेत, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या स्थिर व्होल्टेजइतके, आणि घरगुती कोडमध्ये इथेच हिशेब चुकतो. बॅटरी १४ व्होल्ट असताना ८.५ व्होल्ट हवेत, म्हणून ८.५ भागिले १४, म्हणजे ६१ टक्के वेळ चालू अशी पल्स दिली, तर हीटरला प्रत्यक्षात पोहोचतात जवळपास १०.९ व्होल्ट. भागाकाराचा वर्ग करायला हवा : ३७ टक्के. पल्सची वारंवारता १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा.

तापमान थेट मोजता येत नाही, ते नर्न्स्ट पेशीच्या अंतर्गत रोधावरून ओळखतात. ४.९ मध्ये तो ३०० ओहम झाला म्हणजे ७८० अंश. जुन्या ४.२ ला हाच आकडा ८० ओहम. त्यामुळे एकासाठी बांधलेल्या बोर्डावर दुसरा लावून चालत नाही. सीजे १२५ ला कॅलिब्रेशन मोडमध्ये टाकलं की ती दोन संदर्भ-व्होल्टेज देते. यूए म्हणजे लॅम्डा १ चा बिंदू, साधारण १.५ व्होल्ट. यूआर म्हणजे योग्य तापमानाचा बिंदू. दर वेळी चालू करताना दोन्ही वाचून जपून ठेवा. मग नेहमीच्या मोडमध्ये यूआर त्या बिंदूवर टिकेल अशी हीटरची पीआयडी, म्हणजे फरक बघून ताकद आपोआप कमी-जास्त करणारं नियंत्रण, लावा. यूआर वर गेला तर सेन्सर गार पडतोय, खाली आला तर जास्त तापतोय.

[दृश्य : लॅपटॉपवर आलेख, मल्टिमीटरवर १.१८ व्होल्ट]

प्रवाहावरून लॅम्डा काढायला कोष्टक लागतं, कारण नातं सरळ रेषेचं नाही. ४.९ साठी लॅम्डा ०.९० ला उणे ०.४०५ मिलिअँपिअर, ०.८५ ला उणे ०.६५२, ०.८० ला उणे ०.९२७. ॲम्प्लिफायरचं गुणक ८ ठेवलं तर यूएवर अनुक्रमे १.३०, १.१८ आणि १.०४ व्होल्ट दिसले पाहिजेत. मोकळ्या हवेत सेन्सर धरला तर अडीच मिलिअँपिअरच्या थोडं वर, म्हणजे सुमारे २.७६ व्होल्ट. ही तपासणी गाडीत बसवण्याआधी करा, आणि उघड्यावर करा. गॅरेजमध्ये दुसरं इंजिन चालू असेल तर ती हवा मोकळी नव्हे.

[दृश्य : पाइपवर नट वेल्ड करताना]

एक्झॉस्टवर एम १८ बाय १.५ आट्यांचा नट वेल्ड करावा लागतो. जागा कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर. टर्बोच्या आधी दाब जास्त असतो आणि दाबाने आकडा फुगतो : रिच असेल तर अधिक रिच दिसतं, लीन असेल तर अधिक लीन. सेन्सरचं टोक खाली झुकलेलं हवं, आडव्या रेषेपासून किमान १० अंश, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. वेल्डिंग करताना नटमध्ये जुना सेन्सर फिरवून ठेवा, नाहीतर उष्णतेने आटे वाकतात. बॅटरीची तार काढून ठेवा. नवा सेन्सर ४० ते ६० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळा. अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) फक्त आट्यांना, टोकाला जराही नको.

[दृश्य : पेट्रोल पंपावरचा ई २० चा फलक]

आता मीटरवर काय वाचायचं? बाजारातले बहुतेक गेज हवा-इंधन प्रमाण दाखवतात, १४.७ मध्यावर धरून. पण सेन्सरला १४.७ ठाऊक नाही. तो मोजतो लॅम्डा, आणि गेज त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. १४.७ हे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचं प्रमाण. आपल्या पंपावर आता मिळतं ई २०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि त्याचं बरोबर प्रमाण १३.५ च्या आसपास आहे, कारण इथेनॉलला स्वतःला फक्त ९ पट हवा लागते. गेजवर १२.५ दिसलं, तर लॅम्डा आहे ०.८५ आणि ई २० वर खरं प्रमाण ११.५. इंजिन ०.८५ वरच आहे, गडबड फक्त आकड्यात आहे. तरीही एकाने गेजवरून १२.५ सांगितलं आणि दुसऱ्याने ई २० चं प्रमाण समजून तेच ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये भरलं, तर मिश्रण थेट लॅम्डा ०.९३ वर जाईल. टर्बो इंजिनात पूर्ण बूस्टला हा फरक जीवघेणा आहे. म्हणून डिस्प्ले लॅम्डावर लावा. सीएनजीवर तर बरोबर प्रमाण १७ च्या पुढे जातं. लॅम्डा १ मात्र कुठल्याही इंधनावर १ च राहतो.

लक्ष्य किती ठेवायचं? कॅटलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीला आयडलिंग आणि एकसारख्या वेगाला १.०० च्या आसपास. साध्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर ०.८६ ते ०.९०, टर्बोला ०.७८ ते ०.८२. हे सुरुवातीचे आकडे आहेत. शेवटचा शब्द नॉकिंगचा (मिश्रण वेळेआधी भडकून येणाऱ्या ठोक्यांचा) आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा.

स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखा स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू असेल तर दुरुस्तीचं गणित सोपं आहे. व्हीई टेबल म्हणजे आरपीएम आणि लोडच्या प्रत्येक खान्यात इंजिन किती हवा भरतं त्याचा तक्ता; त्यातला आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा, भागिले हवा असलेला लॅम्डा. खान्यात ६२ आहे, मोजलं ०.९२, हवं ०.८६, तर नवा आकडा ६६. फक्त नोंद बरोबर खान्याला लागली पाहिजे. धूर सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो : जास्त आरपीएमला तो किरकोळ असतो, आयडलिंगला मात्र बराच. ही दिरंगाई हिशेबात धरली नाही तर प्रवेगाच्या वेळी शेजारचा खाना दुरुस्त होतो.

कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० ला किंवा जिप्सीला टेबल नसतं, तिथे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्राची नळी) बदलायची, एका वेळी एक माप. चाचणी कुठे घेतली तेही लिहून ठेवा. मुंबईत समुद्रसपाटीला १.०० वर बसवलेला कार्बोरेटर महाबळेश्वरला, सुमारे १,३७० मीटर उंचीवर, ०.९३-०.९४ दाखवेल. हवा विरळ होते त्या मानाने पेट्रोल कमी होत नाही. तो बिघाड नव्हे.

[दृश्य : एक्झॉस्टच्या जोडावर काळा डाग]

मीटर बरोबर असूनही दिशाभूल करतो, अशा जागा ठरलेल्या आहेत. एक्झॉस्टच्या जोडाला सेन्सरच्या आधी फट असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आयडलिंगला लीन दिसतं. वेग वाढवला की आकडा सुधारतो, म्हणून संशय येत नाही. जोडाभोवतीची काजळी शोधा. कंट्रोलर ईसीयूला आकडा व्होल्टमध्ये पाठवतो, त्या आउटपुटच्या ग्राउंडचा प्रश्नही नेहमीचा. ० ते ५ व्होल्टवर १० ते २० असं हवा-इंधन प्रमाण मांडलं असेल, तर ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे ०.२ ची चूक. हीटरचं ग्राउंड जाड तारेने वेगळं न्या आणि सिग्नलचं ग्राउंड ईसीयूच्या ग्राउंडलाच जोडा.

सगळ्यात घातक आहे मिसिंग. प्लगने ठिणगी सोडली नाही की पेट्रोल जळत नाही, आणि त्या सिलिंडरचा ऑक्सिजनही तसाच बाहेर येतो. मीटर म्हणतो लीन. ट्यूनर पेट्रोल वाढवतो, प्लग ओले होतात, मिसिंग आणखी वाढतं, मीटर आणखी लीन दाखवतो. आकडा लीन आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास, अशी जोडी दिसली तर लॅपटॉप बाजूला ठेवा. आधी प्लग, कॉइल आणि वायर बघा.

उतारावर ॲक्सिलरेटर सोडला आणि मीटर एकदम लीनच्या टोकाला गेला, तर घाबरू नका. ईसीयूने इंजेक्टर बंद केलेत, पाइपमधून नुसती हवा जातेय.

सेन्सरला शिसं, सिलिकॉन, कूलंट आणि ऑइल बाधतं. गॅस्केटला साधं सिलिकॉन लावू नका, सेन्सरला चालणारंच घ्या. ऑइल जाळणाऱ्या टू-स्ट्रोकवर सेन्सर फार काळ टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि कंट्रोलर बंद ठेवून, सेन्सर पाइपमध्ये तसाच राहू देऊन गाडी चालवू नका : गार टोकावर काजळी बसते आणि छिद्रं बुजतात. ट्यूनिंग संपलं, मीटर काढायचा आहे, तर सेन्सर काढून नटमध्ये एम १८ चा प्लग बसवा, तांब्याच्या वॉशरसह. थंड इंजिनवर आवळा, एकदा तापवून गार झाल्यावर पुन्हा आवळा.