महाराजांचा हुकूम आणि पारशी सराय

नमस्कार श्रोतेहो.

२५ नोव्हेंबर १९४९. दिल्लीत घटना समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. घटना मंजूर व्हायची ती दुसऱ्या दिवशी. अशा वेळी माणूस आभार मानून खाली बसतो. बाबासाहेबांनी आभार मानले आणि पुढे तीन इशारे दिले. एक, मागण्या सनदशीर मार्गानंच मांडा. दोन, माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. तीन, मताची समता मिळाली म्हणून थांबू नका, समाजातली समता अजून यायची आहे.

आज मला दुसऱ्या इशाऱ्याबद्दल बोलायचंय. त्यांचं म्हणणं असं की, देशासाठी जन्म वेचलेल्या माणसांबद्दल कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेला हद्द असते. धर्मात भक्तीनं मोक्ष मिळत असेल. राजकारणात भक्ती अधोगतीला नेते आणि शेवटी हुकूमशाहीला. लक्षात ठेवा, कृतज्ञतेला हद्द असते. हे सांगणारा माणूस स्वतः एका राजाचा ऋणी होता, आणि तो राजा आपला, बडोद्याचा.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ साली अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, मग लंडन. अट अशी की परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. त्याप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्याला आले. वय सव्वीस. पुढचं त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय.

स्टेशनाबाहेर पहिला प्रश्न, जायचं कुठं? परदेशात चार वर्षं राहून अस्पृश्यता ते विसरूनच गेले होते, ती इथं आठवली. हिंदूंच्या विशी, म्हणजे राहण्याजेवणाच्या खाणावळी, होत्या, पण तिथं घेणार नाहीत हे ठाऊक होतं. पारशी धर्मात शिवाशिव नाही, या भरवशावर त्यांनी घोडागाडीवाल्याला पारशी सरायीत न्यायला सांगितलं. माडीवर सामान लावलं, कोट उतरवला. तेवढ्यात राखणदार म्हातारा वर आला. बघतो तर अंगात पारशांचा सद्रा नाही, कमरेला त्यांचा पवित्र दोरा, कस्ती, नाही. ‘कोण तुम्ही?’ सराय फक्त पारशांसाठी होती. पण गिऱ्हाईक तर कुणी येत नव्हतं, चार पैसे मिळणार होते. त्यानं तोड काढली की वहीत पारशी नाव लिहा आणि राहा. भाडं जेवणासकट दिवसाला दीड रुपया.

दिवसभर नोकरी, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. रात्री त्या मोठ्या दालनात एकटे. चहूकडे मोडक्या खुर्च्या, फळकुटं, बाकं. उजेड एका कंदिलाचा, आणि डोक्यावर वटवाघळं. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला.

अकरावा दिवस. सकाळी कचेरीला निघायची तयारी. आदल्या रात्री वाचनालयातून आणलेली पुस्तकं परत करायची म्हणून ते उचलत होते, एवढ्यात जिना धडधडला. दहा-बारा पारशी, धिप्पाड, हातात काठ्या. ‘तू कोण? पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली? सराय बाटवलीस!’ भीमराव गप्प. संध्याकाळपर्यंत चालतं व्हायचं, एवढं बजावून मंडळी गेली.

त्या पुस्तकांचं मला फार वाटतं. आपल्या शहरात १९१० पासून महाराजांनी वाचनालयांची चळवळ उभी केली, त्यासाठी अमेरिकेहून बोर्डन नावाचे गृहस्थ बोलावले. आता आपल्याकडे नेलेलं पुस्तक परत न करणं हे सुशिक्षितपणाचं लक्षण झालंय. माझी कितीतरी पुस्तकं रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात सुखानं नांदताहेत, नावं घेत नाही. असो.

भीमराव मग दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू. तो म्हणाला, ‘तू आलास तर माझे नोकर जातील.’ दुसरा ख्रिस्ती. तो म्हणाला, ‘बायको उद्या येणारेय, तिला विचारतो.’ म्हणजे दोष एकट्या पारशांवर ढकलून मोकळं होता येत नाही. आणि आपले मराठी वाडे? तेव्हाही होतेच की इथं. दुपारचे चार वाजलेले, मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास ते कमाटीबागेत बसून राहिले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात, सप्टेंबरात लांबलांबून लोक येतात. क्रेननं चढवायचे हार मात्र मला आवडत नाहीत. त्या पैशांत एखाद्या पोराची वर्षाची फी भरून होईल.

आता बघा. सयाजीरावांएवढा राजा विरळा. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत, तेही १९०६ साली, सबंध संस्थानात! पण त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच माणसाला एक खोली मिळाली नाही. राजा चांगला होता, तरी खोली मिळाली नाही. महाराजांचा हुकूम कचेरीपर्यंत चालत होता, घरांच्या उंबऱ्यापाशी संपत होता. १९४९ साली बाबासाहेब थोर माणसाच्या भरवशावर राहू नका म्हणाले, ते मी बडोदेकर म्हणून असं ऐकतो. सयाजीरावांचं ऋण त्यांनी कधी नाकारलं नाही.

आणि म्हणून तिसरा इशारा दुसऱ्याला चिकटूनच येतो. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरणार, असं ते म्हणाले. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य. समाजात मात्र तसं नाही.

खोली बघायला आलेल्या पोराला आजही आपल्याकडे आधी आडनाव विचारतात. माझ्या ओळखीच्या एका घरमालकांना मी टोकलं, तर म्हणाले, ‘अहो, आमचं काही नाही हो, शेजारी ऐकत नाहीत.’ १९१७ साली मित्राचे नोकर ऐकणार नव्हते.

नमस्कार.