उठू नका, तशाच बसा

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना लागला की पूर्णगड खाडीच्या अलीकडच्या आमच्या घरात एक वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. "थांबा हं, फोटो काढते." की लगेच रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलेली आत्या लगबगीनं उठते, हात पुसते, पदर सारखा करते. पोरं रांगेत उभी राहतात. विळी, पातेलं, सालांची परात कुणीतरी पायानं बाजूला सारतं. म्हणजे ज्याच्यासाठी मोबाइल हातात घेतला, नेमकं तेच फोटोबाहेर.

आमच्याकडे जुन्या फोटोंची एक पत्र्याची पेटी आहे. मुंजी, लग्नं, सत्यनारायण. आजी त्यात सहा ठिकाणी सापडते, सहाही ठिकाणी ठेवणीतल्या लुगड्यात. पण मे महिनाभर तिची बोटं रातांब्यांच्या रसानं लालजांभळी झालेली असायची, ती कुठेच नाहीत. दोष कुणाला देणार? एका रोलमध्ये 36 फोटो. ते रातांब्यांवर कोण घालवणार!

बाबांनी एकदा घातले होते बरं का. साल 1991. सुट्टीभर ते कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडले. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, आंबे उतरवणारे काका, आंबे पिकवायला आढी लावताना पेंढ्यात गुडघ्यापर्यंत बुडालेली आम्ही भावंडं, सगळं टिपलं. रोल धुवायला दिला तर कोराच निघाला. फिल्मचं टोक आत चाकाला अडकलंच नव्हतं. आकडा पुढे सरकत होता, फिल्म जागच्या जागी. खटका ओढताना रोल गुंडाळायची कळ फिरते का, एवढंच बघायचं असतं, ते राहिलं. बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

आता ती भीती नाही. म्हणून माझं मागणं एकच, कुणाला उठवू नका. त्यापेक्षा तुम्ही खाली बसा. पाट घ्या आणि आत्याच्या समोर बसा. उभ्यानं काढलेल्या फोटोत माणसाची टाळू दिसते, बसून काढला की हात आणि चेहरा दोन्ही येतात. बसल्यावर लगेच काढूही नका. चार रातांबे तुम्हीही फोडा. पाच मिनिटांत मोबाइलचा विसर पडतो.

आणि आमसुलं करणं हे एका दिवसात संपणारं काम नाही. सालं वेगळी करायची, गर-बिया मिठात घालायच्या, सुटलेल्या रसात सालं बुडवून उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा बुडवायची. अशी पुटं चढत गेली की लाल साल काळपट होत जाते. रोज त्याच जागेवरून त्याच परातीचा एक फोटो घ्या. आठ दिवसांनी ओळीनं बघाल तेव्हा मजा कळेल.

आता उजेड. आपल्याकडे मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो. रत्नागिरीत साधारण 8-9 मेला, मालवणला त्याच्या तीन-चार दिवस आधी. तेव्हा खळ्यात, म्हणजे अंगणात, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबण्या दिसतात. पडवीत या. खळ्यावर आपटलेलं ऊन तिथे मऊ होऊन येतं. झापांच्या मांडवाखाली मात्र कवडसे सांभाळा. नाकावर एक पांढरा ठिपका पडला की फोटो गेला. माजघरात माणूस दाराकडे पाठ करून बसला असेल तर मोबाइलवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, चेहरा उजळतो.

संध्याकाळी समुद्रावर गेलात तर एकदा मावळतीकडे पाठ करा. समुद्रात बुडणारा सूर्य आपल्याला उद्याही दिसणार आहे. पण त्याचा उजेड तोंडावर घेऊन वाळूत खड्डा खणणारं पोर पुढच्या मेपर्यंत वीतभर वाढलेलं असेल. हो, आणि लेन्सवर वाळू असेल तर पदरानं घासू नका. आधी फुंकर.

मागचा पसारा तर मुळीच आवरू नका. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर आईनं दुधाचा हिशोब लिहिलेला. फोटोत ते पान आलं की साल-महिना कळतो, आणि त्या दिवशी घरात किती माणसं होती तेही. कारण दूध दुप्पट घेतलेलं असतं! मोबाइल फोटोची तारीख ठेवतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की मूळ तारीख पुसली जाते आणि फोटोही बारीक होतो. घरच्यांना पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. विहिरीवर आंघोळ करणारी पोरं मात्र घरापुरतीच ठेवा, स्टेटसला नकोत.

गेल्या मे महिन्यात मी आत्यासमोर अशीच पाट घेऊन बसले होते. एक फोटो बरा आला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, कपाळावरची बट मनगटानं मागे सारतेय, तोंड अर्धवट उघडं. त्या क्षणी ती मला म्हणत होती, "अगो, फोटो काय काढत्येस, ती परात उन्हातनं आधी आत घे. आभाळ आलंय."

नमस्कार.