चतुःसीमा

[दृश्य: उत्तर कसबा, भर दुपार. दगडी चौकट, सागवानी दरवाजा, त्यातली दिंडी. कुलपात किल्ली फिरते.]

वैशाखातली दुपार. या वेळेला सोलापुरात कुणी घर बघायला बाहेर पडत नाही. एजंट लोक घरं दाखवतात ती सकाळी, ऊन चढायच्या आत. काका मात्र गिऱ्हाईकाला मुद्दाम दोन वाजता बोलवायचे. बोळातून चालवत आणायचे, दिंडीतून वाकून आत घ्यायचे, सोप्यावर, म्हणजे ओसरीवर बसवून तांब्याभर पाणी पुढे ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत. थोड्या वेळानं गिऱ्हाईकच मान वर करून पंखा शोधायचं. पंखा नसायचा.

[कॅमेरा वर जातो: तुळया, कडीपाट, झरोक्यातून उतरलेला कवडसा.]

वर असायचं ते मातीचं माळवद.

काका जागांचे दलाल होते. कुणी ‘कन्सल्टंट’ म्हटलं तर ते दुरुस्त करायचे, दलालच म्हणा. बाळीवेस, कसबा, शुक्रवार पेठ, कुठेही विचारा, ‘वाडेवाले काका’ म्हटलं की लोक घर दाखवायचे. एका उन्हाळ्यापासून संक्रांतीपर्यंत आम्ही कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे फिरलो. संक्रांतीनंतर महिन्याभरात ते गेले.

[दृश्य: पत्र्याची ट्रंक. स्टॅम्प पेपर, घड्यांवर विरलेले कागद. काकांचं बोट ओळीवरून सरकतं.]

व्यवहार करायचा तर आधी कागद बघावे लागतात. सिटी सर्व्हेचा उतारा, मागची खरेदीखतं, वाटणीपत्र, हक्कसोड. वकील त्यात मालकी शोधतो. काका मालकी बघून झाली की चतुःसीमेवर यायचे. पूर्वेस अमक्याचा वाडा, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सरकारी रस्ता, उत्तरेस सामाईक आड. एकाच जागेची तीन-चार खतं ते सतरंजीवर ओळीनं मांडायचे. पहिल्या खतात शेजारी विणकराचं घर असतं, पुढच्यात तिथे माडी चढलेली असते, त्याच्या पुढच्यात नुसता नंबर उरतो. बोळ अरुंद होतो. आड कागदावरून निघून जातो. एका खतात दक्षिणेची सीमा म्हणून चक्क लिंग लिहिलेलं होतं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत स्थापलेल्या ६८ लिंगांपैकी हे कुठलं, ते शोधायला काका आठ दिवस धंदा सोडून फिरले. जुने कागद वाचता यावेत म्हणून पन्नाशीत मोडी शिकले. हे सगळं ते वहीत उतरवायचे, एका पानावर एक घर.

जुन्या खतांत एक ठरलेली ओळ असते. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह. सह्या करणारे ती ओळ ओलांडून पुढे जातात. काका ती मोठ्यानं वाचायचे आणि खरेदीदाराला विचारायचे, “मालक, काष्ठ आणि पाषाण तुम्ही पैसे मोजून घेतलं की. मग भंगारात का घालताव?”

[दृश्य: माळवदावर चार माणसं. मातीच्या पाट्या वर येतात. धुम्मसाचा आवाज.]

हे काम मृगाच्या आधी उरकावं लागतं. माळवद म्हणजे काय, हे आजकाल घर घेणाऱ्यांना सांगावं लागतं, म्हणून सावकाश बघा. दगडी तळखड्यावर सागाचा खांब. खांबांवर तुळई. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा चिरलेल्या लाकडाचे किलच. त्यावर कडुलिंबाच्या पाल्याचा थर, वाळवी लागू नये म्हणून. आणि मग माती. कुठलीही चालत नाही. शेतातली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. इथे लागते ती गावठाणाची पांढरी. ती ओली करायची, पसरायची, धुम्मसानं ठोकायची, पुन्हा पसरायची, चोपण्यानं चोपायची. उतार पन्हळीकडे. हा जाड थर दिवसभराचं ऊन स्वतःत अडवून ठेवतो आणि खोलीपर्यंत पोचू देत नाही. काकांच्या दोनच्या भेटीमागे एवढंच होतं.

[दृश्य: म्हातारे गवंडी तळहातावर माती घेऊन बघतात, थोडी जिभेला लावतात.]

चूक होते ती पुढे. माळवद गळायला लागलं की लोक वर सिमेंटचा कोबा टाकतात. वजन वाढतं, कोब्याला चीर जाते, चिरेतून शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही आणि खालची तुळई आतून कुजते. मग सगळे म्हणतात, वाडा जुना झाला, पाडा. काका व्यवहार ठरायच्या आधी या गवंड्यांना घेऊन जायचे आणि कुठली तुळई ठणठणीत आहे, कुठली बदलायची, हे ठोकून बघायला लावायचे. त्याचे पैसे त्यांच्या दलालीतून जायचे. घर उतरवायचंच ठरलं असेल तर ते एक दिवस मागून घ्यायचे. टेप लावून मापं, फोटो, दरवाजावरच्या नक्षीचा कागदावर ठसा.

[दृश्य: इंद्रभुवन, संध्याकाळचा उजेड. मग कोटणीस स्मारक.]

अप्पासाहेब वारदांचं इंद्रभुवन उभं आहे, आज ती महापालिकेची वास्तू आहे. चीनमध्ये रुग्णांची सेवा करता करता १९४२ साली गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, त्यांचं सोलापुरातलं घर स्मारक म्हणून जपलं आहे. सोलापूरकरांना याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण ज्या घरात कुणी नामवंत जन्मलं नाही, जिथे चार पिढ्या ज्वारीची भाकरी खाऊन माणसं जगली, त्या घराचं काय? आम्ही ही फिल्म त्या घरांसाठी करतो आहोत.

[दृश्य: हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेचा संगम. संगमेश्वराच्या मंदिरातली तुळई.]

धंद्यात नवीन आलेल्या पोरांना काका एकदा तरी इथे आणायचे. दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल. या दगडी तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे. जो हे वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ लावतात. कॅमेरा जरा जवळ नेला तर अक्षरं दिसतात. काका पोरांना मान वर करून बराच वेळ उभं करायचे, तुळई बघायची सवय लागावी म्हणून.

[दृश्य: संक्रांत, सिद्धरामेश्वरांची यात्रा. हिरेहब्बू वाडा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी. सात नंदीध्वज उचलले जातात. “बोला हर्र, बोला हर्र!”]

[निवेदन नाही. नंदीध्वजांच्या काठ्या बोळाच्या तोंडाशी येतात. माळवदांवर बायका, पोरं, म्हातारी माणसं. एका माळवदाच्या कडेला काका, हात जोडलेले.]

[दृश्य: तोच दरवाजा. दिंडीला नवं कुलूप.]

काकांनी विकलेल्या घरांपैकी काही नांदती आहेत, काही उतरली. या वाड्याचं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं आहे.

[दृश्य: वही. शेवटचं लिहिलेलं पान.]

हे या वाड्याचं पान. पेन्सिलीनं लिहिलेलं. पूर्वेस, पाडलेल्या वाड्याची मोकळी जागा. पश्चिमेस, बोळ, रुंदी सहा फूट. दक्षिणेस, चार मजली इमारत. उत्तरेस, सामाईक आड, बुजवलेला. खाली शाईत: माळवद मृगाआधी करून घेतले. गळत नाही.

[दृश्य: रिकामा सोपा. झरोक्यातला कवडसा भिंतीवरून सरकत जातो. धुम्मसाचा आवाज, लांबून.]