कथिलाच्या थेंबाने प्लॅटिनमची पारख

[दृश्य : तराजूत पांढऱ्या अंगठ्यांची मोड]

इंदूरच्या सराफ्यात मोडीला आलेल्या या पांढऱ्या अंगठ्या. यातली एखादी प्लॅटिनमची, एखादी पॅलॅडियम घातलेल्या पांढऱ्या सोन्याची. वर ऱ्होडियमचा मुलामा असला की नजरेला सगळ्या सारख्याच. क्ष-किरणांनी धातू तपासणारं यंत्र आकडा देतं, पण वरवरच्या थराचा. म्हणून आधी कानस, मग किसाच्या द्रावणावर कथिलाच्या क्षाराचा थेंब : त्याने प्रत्येक धातू आपापला रंग दाखवतो.

[दृश्य : परीक्षानळीत कीस]

दहा-वीस मिलिग्रॅम कीस पुरे. त्यावर दोन मिलिलिटर अम्लराज : तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. प्लॅटिनम थंड अम्लात ढिम्म हलत नाही, नळी गरम पाण्यात ठेवावीच लागते.

द्रावण पाकासारखं दाट होईपर्यंत आटवायचं, हायड्रोक्लोरिकचे थेंब टाकून पुन्हा आटवायचं. असं तीनदा. पारख फसते ती बहुधा इथेच, कारण उरलेलं नायट्रिक कथिलाचा थेंब खाऊन टाकतं. रंग चढत नाही आणि प्लॅटिनम असूनही ‘नाही’ ठरतं. मात्र कोरडं करपवायचंही नाही; ते मग नीट विरघळत नाही.

[दृश्य : बाटली, तळाशी कथिलाचे तुकडे]

थेंब स्टॅनस क्लोराइडचा, म्हणजे कथिलाच्या क्षाराचा. ११ ग्रॅम खडे आधी १० मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिकमध्ये कोमट करून विरघळवायचे, नितळ झाले की पाणी घालून ५० मिलिलिटर करायचे. आधीच पाणी ओतलं तर पांढरा गढूळपणा येतो. हवेने द्रावण मरतं. तळाचं कथिल त्याला धरून ठेवतं. तरी रोज सोन्याच्या माहितीतल्या द्रावणावर एक थेंब टाकून बघावा. जांभळं झालं नाही, तर बाटली ओतून द्यायची.

[दृश्य : पांढरी टाइल, तीन थेंब, अगदी जवळून]

डावीकडे सोनं : जांभळट काळं. मधे पॅलॅडियम : पिवळट तपकिरी, आणि बघता बघता हिरव्याकडे. उजवीकडे प्लॅटिनम : नारिंगी, मग रक्तासारखं लाल; थोडंच असेल तर नुसतं पिवळं. कथिल इथे दोन कामं करतं. प्लॅटिनमला चारवरून दोनच्या संयुजेवर आणतं आणि स्वतः क्लोरीनसकट त्याला चिकटतं. एका प्लॅटिनमभोवती असे पाच गट बसतात.

रंग फिका आहे? थोडं इथाइल ॲसिटेट घालून हलवा. पिवळा रंग वरच्या थरात गोळा होतो.

[दृश्य : गाळणीवर पिवळे कण]

मिश्रणात सोन्याचा काळेपणा बाकीचे रंग झाकतो. आधी फेरस सल्फेटने सोनं खाली बसवायचं, मग डायमिथाइलग्लायॉक्झिम नावाच्या रसायनाने पॅलॅडियम पिवळ्या साक्यात काढायचं. कथिल त्यानंतर. ऱ्होडियम थंडीत गप्प असतं, गरम केलं की किरमिजी होतं.

अम्लराजातून निघणारा तपकिरी धूर विषारी असतो, काम धूर ओढणाऱ्या कपाटातच. उरलेलं अम्ल चुन्याने मारायचं.

मोड आटणीत जाण्याआधी हे गिऱ्हाइकासमोर व्हायला हवं. सोन्यात आटलेलं प्लॅटिनम सोन्याच्या हिशेबात जातं, तेही कसात घट दाखवून.

[दृश्य : वर्णपटमापीचा आकडा]

किती आहे हे हवं असेल, तर हाच पिवळा रंग वर्णपटमापीवर, म्हणजे रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर, ४०३ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात, पॅलॅडियम काढून झाल्यावर.