केसांखालची जखम

श्रोतेहो, नमस्कार.

दुसऱ्या कुत्र्याने फाडलेलं कुत्रं दवाखान्यात आलं, की मी आधी केस कापायचं मशीन हातात घेतो. मालक सांगत असतात, "डॉक्टर, काही नाही हो, दोनच दात लागलेत." केस उतरतात, दोनाची सहा भोकं होतात आणि मालक गप्प होतात.

कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा रुतला की चावणारं कुत्रं मान झटकतं. कातडी त्या झटक्याबरोबर सरकते, पण खालचा स्नायू सरकत नाही, तो फाटतो. वर पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक आणि आत बोट मावेल एवढी पोकळी. तिच्यात लाळेतले जंतू, केस, माती सगळं अडकून बसतं. "मग टाके का नाही घातलेत?" असं सगळेच विचारतात. अहो, वरून शिवलं तर पू आत साचेल! भूल देऊन जखम उघडायची, सलाईनने भरपूर धुवायची, मेलेलं मांस काढायचं आणि गरज असेल तर मऊ रबरी नळी ठेवायची. तीन-चार दिवस तिच्यातून तांबूस पाणी झिरपतं. घरच्यांना ते बघवत नाही. मला मात्र ते झिरपताना पाहून हायसं वाटतं.

लहान चणीच्या कुत्र्याला मोठ्याने उचलून झटकलं असेल, तर जखम नंतर. आधी छाती. बरगडी मोडून फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. धाप लागली असेल, हिरड्या पांढऱ्याफटक दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. आपल्या डब्यातली आयबुप्रोफेनची गोळी तर मुळीच देऊ नका, तिने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडंही जातात. दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं, तेव्हा तोंड त्याच्या तोंडाजवळ नेऊ नका. येताना लसीचं कार्ड आणा. रेबीजची लस झालेली असली तरी आम्ही पुन्हा एक डोस देतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कातडीचा एखादा तुकडा काळा पडतो. त्याचा रक्तपुरवठा चावा बसला तेव्हाच तुटलेला असतो, दिसतं उशिरा. "परवा दाखवायला या" म्हणतो ते यासाठीच. गळ्यातला प्लास्टिकचा कोन दया येऊन काढू नका, एका रात्रीत जखम चाटून उघडते. जिथे टाके घातलेत, ते साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात.

आमच्या घरच्या कुत्रीचे टाके निघून वर्ष झालं. जिथे तिला धरलं होतं, तो कोपरा आला की ती अजून रस्ता ओलांडून पलीकडे जाते. मीही निमूट तिच्या मागे जातो.